इकडचा आकडा तिकडे

आमच्या बेळगावात पूर्वी एखादा मुलगा कॉमर्सला गेला की लोक दोन गोष्टी गृहीत धरत. एक तर त्याला सायन्सला प्रवेश मिळाला नसावा, किंवा त्याच्या घरी दुकान असावे. त्याला तो विषय आवडत असेल ही तिसरी शक्यता कुणाच्या ध्यानीमनी नसे. आर्ट्सच्या मुलाने निदान गॅदरिंगला नाटकात काम करावे, चार कविता कराव्यात, अशी अपेक्षा असे. कॉमर्सवाल्याने पास व्हावे, टायपिंगची परीक्षा द्यावी आणि बँकेच्या जाहिरातींवर डोळा ठेवून बसावे, एवढे पुरे होते.

माझ्या घरी दुकान नव्हते, फौंड्री होती. उद्यमबागेत पत्र्याच्या एका शेडमध्ये वडील आणि काका भागीदारीत बिडाचे ओतकाम करून घेत. पंपाची कवचे, मोटारीची बूड, यंत्राचे पाय असे नग तिथे तयार होत. वडील हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळत, काका भट्टी सांभाळत. वडील चष्मा लावून बसत आणि काका घामाने निथळत उभे असत, एवढ्यावरून नवख्या माणसालाही भागीदारीची वाटणी कळे. मी बी.कॉम. झालो आणि १९८५ साली एम.कॉम.साठी धारवाडला गेलो. रोज जाण्यायेण्याचे ते अंतर नव्हते. तेव्हाचा रेल्वेमार्ग मीटरगेजचा, लोंढ्यावरून वळसा घेऊन जाणारा. म्हणून खोली घेतली आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे असा क्रम ठरला. बेळगावच्या कॉलेजांना तेव्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचाच आधार होता. राणी चन्नम्मा विद्यापीठ आमच्याकडे व्हायला २०१० साल उजाडावे लागले.

एम.कॉम.ला अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन हे दोन विषय शेजारी शेजारी बसवलेले होते. शेजारी बसवले म्हणून त्यांचे पटत होते असे मात्र नाही. सकाळी अर्थशास्त्राचा तास. सर मूळचे गदगकडचे, धोतरातले, अतिशय शांत. फळ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली की त्यांचे जग तयार होई. त्या जगात कंपनी म्हणजे एक ठिपका. एका बाजूने कच्चा माल आत जाई, दुसऱ्या बाजूने पक्का माल बाहेर येई आणि मध्ये काय घडते याची चौकशी करण्याचे कारण नसे. जेवणानंतर व्यवस्थापनाचा तास. हे सर काही वर्षे एका गिरणीत अधिकारी होते. त्यांच्या जगात सगळे त्या ठिपक्याच्या आतच घडे. मुकादम का रुसला, कामगार उशिरा का येतो, साहेबाने शाबासकी दिली तर उत्पादन वाढते का, असे प्रश्न. मॅस्लोच्या गरजांची उतरंड, मॅक्ग्रेगरची ‘एक्स’ आणि ‘वाय’ अशी दोन प्रकारची माणसे. मी मनातल्या मनात काकांना त्यात बसवून पाही. सकाळी आठला शिव्या घालणारे आणि दहाला स्वतःच्या हाताने चहा ओतून देणारे काका कुठल्याच अक्षरात मावत नसत.

गंमत अशी की दोन्ही तासांना शब्द तेच असत आणि अर्थ वेगळे. सकाळी शिकावे की पूर्ण स्पर्धा असेल तर जादा नफा अखेरीस शून्यावर येतो. दुपारी शिकावे की नफा कसा वाढवावा. सकाळी मजूर म्हणजे जमीन आणि भांडवल यांच्या पंगतीला बसलेला एक घटक. दुपारी तोच मजूर भावना, अपेक्षा, अहंकार सगळे घेऊन समोर उभा. आमच्या वर्गातला निपाणीचा एक मित्र म्हणे, “जेवणाच्या सुट्टीत जेवायचं कसलं, सकाळचं विसरायचं!” बहुतेकांनी तेच केले. दोन विषयांच्या दोन वह्या, दोन परीक्षा, आणि एकीतले दुसरीत जाऊ द्यायचे नाही.

खरे म्हणजे हे दोन विषय मुळात एकाच घरातले. अर्थशास्त्राचा आद्यग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतात ते ॲडम स्मिथचे पुस्तक १७७६ चे. त्याचे पहिले प्रकरण उघडले तर बाजार, भाव यांच्याआधी टाचणीचा कारखाना भेटतो. दहा माणसे अठरा कामे आपसात वाटून घेतात आणि दिवसाला ४८ हजारांहून अधिक टाचण्या करतात. तोच माणूस एकटा सगळी कामे करू लागला तर दिवसाला वीसही होणार नाहीत, असे तो सांगतो. तार कुणी ओढायची, टोक कुणी काढायचे, डोके कुणी बसवायचे हे ठरवणे म्हणजे आजच्या भाषेत व्यवस्थापनच. पुढे १८९० साली आल्फ्रेड मार्शलने जमीन, श्रम, भांडवल या तिघांच्या जोडीला संघटन हा चौथा घटक मांडला. आपल्याकडे मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघाले तेही व्यापाराचे शिक्षण देण्यासाठी, आणि १९१८ पासून दोन वर्षे तिथे अर्थशास्त्र शिकवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

बाबासाहेबांचे नाव मी इथे केवळ आदरापोटी घेत नाही. त्यांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार यांवर होता. कारभार आणि अर्थव्यवहार! एका कंपनीकडे दोन्ही डोळ्यांनी पाहणे म्हणजे काय, हे त्या विषयातच आले. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी असे दाखवले की एखादी शेती परवडण्याजोगी आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्याबरोबर अवजारे, बैल, मनुष्यबळ, भांडवल किती प्रमाणात आहे त्यावरून ठरते. म्हणजे जमिनीवर लहान किंवा मोठी असा शिक्का मारलेला नसतो. तो आपण तिच्याशी काय करतो यावर असतो. हे वाक्य वाचकांनी थोडे बाजूला ठेवावे, पुढे लागणार आहे.

नंतर वाटण्या झाल्या. अमेरिकेत व्हॉर्टन १८८१ साली आणि हार्वर्डचे बिझिनेस स्कूल १९०८ साली निघाले. अर्थशास्त्र हळूहळू गणिताच्या माडीवर राहायला गेले आणि व्यवस्थापनाने कारखान्याच्या ओसरीवर बिऱ्हाड थाटले. आपल्याकडे १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद इथे व्यवस्थापनाच्या संस्था निघाल्या, तोवर दोन्ही घरांतली ये-जा दिवाळीच्या फराळापुरती उरली होती.

बेळगावच्या माणसाला हे तुटलेपण जरा विचित्र वाटायला हवे. किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली सुरू झाला तो आमच्याच गावातल्या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. नांगर चांगला होता, किमतीला परवडणारा होता, आणि तरीही पहिल्यांदा खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. मागणीची रेघ फळ्यावर कुठूनही काढा, तिच्यात हे विष दिसत नाही. ते शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, नांगर चालवून दाखवूनच उतरवावे लागते. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि बेळगाव त्या कारखान्याला मुकले, ही हळहळ आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात मी लहानपणापासून ऐकत आलो.

आता माझ्या वहीकडे येतो. थोडे आकडे येतील, पण ते घरचे आहेत.

१९८६ च्या जूनमध्ये आमच्या मुख्य गिऱ्हाइकाने, एका पंप बनवणाऱ्या कंपनीने, ऑर्डर एकदम निम्म्याहून खाली आणली. महिन्याला २४ टन ओतकाम जायचे ते १० टनांवर आले. भावही किलोला ७ रुपयांवरून ६ वर. पटत असेल तर द्या, असा निरोप. मदतनीस बहुतेक पिरनवाडी, मच्छे, देसूर अशा जवळच्या गावांतले. पेरणीला ते एरवीही सुट्टी घेत, त्यांचे फारसे अडले नाही. प्रश्न आठ मोल्डरांचा होता. हे पगारी, कायमचे. वाळूत साचा दाबून, त्यातून लाकडी पॅटर्न अलगद उचलून घेणारे. तो उचलताना हात किंचित हलला तर कडा ढासळते आणि नग वाया जातो. वडिलांचे म्हणणे पडले की दिवाळीपर्यंत भट्टी बंद ठेवावी, मोल्डरांना मोकळे करावे, पुढचे पुढे पाहू. काका गप्प होते. शनिवारी मी धारवाडहून आलो तेव्हा वडिलांनी माझ्याकडे वही सरकवली. “एवढा शिकतोस, बघ बरं काय निघतं ते.”

मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांच्या पद्धतीने दोन रकाने पाडले. भट्टी पेटवा न पेटवा, जो खर्च चुकत नाही तो स्थिर. शेडचे भाडे, बँकेचे व्याज, विजेचा किमान आकार, रात्रीचा राखणदार मिळून महिन्याला १४,००० रुपये. ओतकाम केले तरच जो होतो तो बदलता. पिग आयर्न, भंगार, कोक, वाळू वगैरे किलोला ४ रुपये ९० पैसे. मदतनिसांची मजुरी ४० पैसे. मोल्डरांचा पगार दहा टनांवर वाटला तर किलोला ९० पैसे. बेरीज ६ रुपये २० पैसे. विकायचा भाव ६ रुपये. पुस्तकातला नियम सरळ आहे: भावातून बदलता खर्चसुद्धा निघत नसेल तर तात्पुरते काम थांबवा. बंद ठेवले तर महिन्याला १४,००० चा तोटा. चालू ठेवले तर किलोमागे २० पैसे, दहा हजार किलोंवर आणखी २,००० चा, म्हणजे १६,००० चा. वडिलांनी मान हलवली. गणित त्यांच्या मताला धरून आले होते.

काकांनी वही हातात घेतली. ते सातवीपर्यंत शिकलेले, पण आकडे त्यांना माणसांसारखे ओळखता येत. त्यांनी मोल्डरांच्या ९० पैशांवर बोट ठेवले.

“हे हिकडं कशाला घातलास रे?”

“काम नसलं तर पगार नाही, म्हणून. बदलता खर्च.”

“बदलता कसा? कोक बदलता. आज नको म्हटलं, उद्या लागला तर बाजारात तसाच मिळतोय. मोल्डर आज नको म्हटलं तर उद्या तोच मिळणार हाय का? कोल्हापूरला जाऊन बसंल. ह्यो आकडा तिकडं भाड्यात घाल की.”

मी तो आकडा उचलून स्थिर खर्चात टाकला. ९,००० रुपये इकडून तिकडे गेले. आता स्थिर खर्च २३,०००. बदलता खर्च किलोला ५ रुपये ३० पैसे. सहा रुपयांच्या भावात किलोमागे ७० पैसे उरतात, महिन्याला ७,०००. म्हणजे मोल्डर ठेवून भट्टी बंद केली तर तोटा २३,००० आणि चालवली तर १६,०००. नियम तोच, पुस्तक तेच, आणि उत्तर उलटे: चालवा.

त्या रात्री मी बराच वेळ ती वही घेऊन बसलो होतो. भट्टी चालवली तर होणारा तोटा दोन्ही मांडण्यांत तोच, १६,००० रुपये. त्यात एक पैशाचाही फरक पडला नव्हता. बदलली होती ती तुलना. कुठला खर्च स्थिर आणि कुठला बदलता हे मी खर्चाच्या नावावरून ठरवत होतो. काका ते माणूस तयार व्हायला किती वर्षे लागतात यावरून ठरवत होते. आणि ते ज्ञान दुपारच्या तासाचे होते. व्यवस्थापनाच्या सरांनी प्रशिक्षण, कौशल्य, माणूस सोडून जाण्याची किंमत असे जे काही शिकवले होते ते सकाळच्या रकान्यांत जाऊन बसल्याशिवाय सकाळचे गणित पुरे होत नव्हते. लहान किंवा मोठी असा शिक्का जसा जमिनीवर नसतो, तसाच स्थिर किंवा बदलता असा शिक्का पगारावरही नसतो.

पण गोष्ट इथेच संपवली तर सकाळच्या विषयावर अन्याय होईल. काकांना मोल्डर ठेवायचे होते, हे त्यांच्या मनात आधीच पक्के होते. ते ठेवण्याची किंमत किती, हे मात्र त्यांना वहीनेच सांगितले. मोल्डरांना मोकळे करून भट्टी बंद ठेवली तर १४,०००. त्यांना ठेवून चालवली तर १६,०००. म्हणजे आठ कसबी माणसे हाताशी ठेवण्याचा भाव महिन्याला २,००० रुपये. “कामगार हेच आमचे कुटुंब” असे म्हणणारे मालक मी पुढे पुष्कळ पाहिले. त्या वाक्याचा महिन्याचा आकडा काढून दाखवणारे फार थोडे. आकडा काढला की दोन गोष्टी होतात. वाक्य खोटे असेल तर ते गळून पडते, आणि खरे असेल तर ते किती महिने पेलता येईल ते कळते.

पुढे शिकवायला लागल्यावर मला कळले की काकांच्या या बोटाला अर्थशास्त्रात नाव आहे. वॉल्टर ओई या अर्थतज्ज्ञाने १९६२ साली एक लेख लिहिला. माणूस निवडणे, त्याला शिकवणे यांवर मालकाचा पैसा गुंतलेला असतो, म्हणून श्रम हा पुरता बदलता घटक नसतो, अर्धा स्थिर असतो; मंदीत कसबी माणसाला शेवटी आणि बिनकसबी माणसाला आधी काढतात ते यामुळेच, असा त्याचा युक्तिवाद. आमच्या पिरनवाडीच्या मदतनिसांचे आणि मोल्डरांचे जे झाले ते तंतोतंत हेच.

त्याहून जुना, आणि माझा विशेष आवडता, रोनाल्ड कोस. हा गृहस्थ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बी.कॉम.ला होता, म्हणजे आमच्याच पंगतीतला. १९३१-३२ मध्ये प्रवासाची शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेत गेला आणि फोर्ड, जनरल मोटर्स यांचे कारखाने पाहून आला. त्याला पडलेला प्रश्न लहान मुलाला पडावा तसा होता. सगळे काही बाजार आणि भाव यांनी ठरत असेल तर मुळात कंपन्या असतात कशाला? त्याचे उत्तर १९३७ साली छापून आले. बाजारात जाण्यालाही खर्च पडतो. माणूस शोधा, भाव विचारा, घासाघीस करा, करार करा, आणि हे पुन्हा पुन्हा करा. हा खर्च फार झाला की माणसे एका छपराखाली येतात आणि एकाच्या सांगण्याने कामे करतात. फळ्यावरच्या त्या ठिपक्याच्या आत डोकावणारा हा लेख. त्याबद्दल आणि नंतरच्या आणखी एका लेखाबद्दल कोसला नोबेल मिळाले ते १९९१ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. रोज सकाळी चौकात उभे राहून मोल्डर धुंडाळायचे नसतील तर त्याला कायम ठेवावा लागतो, एवढे काकांना माहीत होते. कोसने त्याचे कारण सांगितले.

हर्बर्ट सायमनचे उलटे. तो कारभाराच्या अभ्यासातून आला. १९४७ साली त्याने कचेऱ्यांतली माणसे निर्णय कसे घेतात यावर पुस्तक लिहिले. माणूस सर्वांत उत्तम पर्याय शोधत बसत नाही, कारण तेवढी माहिती आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. पुरेसा बरा पर्याय सापडला की तो थांबतो, हे त्याचे सांगणे. १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्याला मिळाले. म्हणजे बी.कॉम.चा मुलगा कारखाने पाहून अर्थशास्त्राला नवी दृष्टी देतो आणि कारभाराचा अभ्यासक अर्थशास्त्राचे पारितोषिक नेतो. जेवणाच्या सुट्टीत सकाळचे विसरून गेलेल्यांना हे जमले नसते.

त्या सात महिन्यांत काय झाले ते सांगायला हवे. काकांनी आठवड्यातून एकदाच भट्टी लावली. उरलेल्या दिवसांत मोल्डर गटारांची झाकणे, शिलाई मशीनचे पाय, अशी मिळतील ती सटरफटर कामे साचवून ठेवत. बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा सप्टेंबरअखेर संपली. दिवाळी तोंडावर आली आणि बोनस द्यायचा होता. काकूंच्या चार पाटल्या सराफाकडे गहाण गेल्या, १२,००० रुपयांवर. काकू एवढेच म्हणाल्या, “परत येतील तवा कळलं, काय धंदा केलासा ते.”

मी डोक्यात हिशेब केला. महिन्याला २,००० प्रमाणे जून ते डिसेंबर सात महिन्यांचे होतात १४,०००. आठ मोल्डर राखण्याची म्हणून जी किंमत मी वहीत काढली होती, ती जवळजवळ तेवढीच्या तेवढी एका बाईच्या हातांतून उतरली होती. दोन्ही विषयांच्या माझ्या दोन्ही वह्यांत काकूंसाठी रकाना नव्हता. मोल्डर ठेवायचे की नाही या चर्चेत त्यांना कुणी विचारले नव्हते. त्या आत भाकरी थापत होत्या आणि निर्णय बाहेर सोप्यात झाला होता.

जानेवारी १९८७ मध्ये ऑर्डर परत आली, पूर्ण २४ टनांची. आठांतले दोघे मधल्या काळात कोल्हापूरला गेलेच होते, सहा राहिले. त्या सहा जणांच्या जोरावर पहिल्या महिन्यापासून नीट माल गेला. शेजारच्या एका फौंड्रीने सगळे मोल्डर सोडले होते. त्यांना नवे हात घेऊन सुरुवात करावी लागली आणि शंभरात वीस नग परत वितळवावे लागत होते. आमच्याकडे ते प्रमाण आठ-नऊच्या पुढे गेले नाही. पाटल्यांतल्या दोन पुढच्या दिवाळीला सोडवून आणल्या. उरलेल्या दोन व्याज चढत गेल्यामुळे सराफाकडेच राहिल्या.

काकांचा निर्णय बरोबर ठरला असे सगळे म्हणाले. वडीलही म्हणाले. मला ते वाक्य कधी पुरते पटले नाही. ऑर्डर जानेवारीत आली म्हणून तो बरोबर ठरला. आणखी वर्षाने आली असती तर मोल्डरही गेले असते आणि चारही पाटल्या. निर्णय शहाणपणाचा होता की नाही हे जूनमध्ये काय माहीत होते त्यावरून पाहावे लागते, जानेवारीत काय घडले त्यावरून नाही. जूनमध्ये आमच्याजवळ होते ते एवढेच: एक आकडा आणि आठ माणसांची ओळख. आकडा अर्थशास्त्राने दिला होता आणि ओळख काकांच्या भट्टीने. यांतले एकच हाताशी असते तर निर्णय आंधळा झाला असता, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

पुढे मी कॉलेजात शिकवायला लागलो आणि तीस-बत्तीस वर्षे हेच दोन विषय शिकवले. निवृत्त झालो तरी पालक येतात. “सर, इकॉनॉमिक्सला घालू की मॅनेजमेंटला?” आता दोन्ही एकत्र घेण्याच्या सोयी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. ऑक्सफर्डला अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन यांची मिळून एक पदवी आहे. आपल्या इंदूरच्या आय.आय.एम.ने २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात अर्थशास्त्राचा पाया आधी घालतात. तालुक्याच्या गावीही बी.बी.ए. निघाले आहे. मी पालकांना सांगतो, जमल्यास दोन्ही घ्या, पण मुलाला एक चालते काम जवळून पाहायला लावा. किराणा दुकान चालेल, काजूचा कारखाना चालेल, मामाचे गॅरेज चालेल. ज्याला रकाने तेवढे येतात तो माणसांना कोकाच्या पोत्यासारखे आत-बाहेर करू लागतो. ज्याला माणसे तेवढी कळतात तो गोड बोलता बोलता एक दिवस सगळ्यांचेच पगार थकवतो. दोन्ही प्रकारचे साहेब माझ्या विद्यार्थ्यांना भेटले आहेत.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी अंतर्गत परीक्षेला एक प्रश्न हमखास घालत असे. एका लहान कारखान्याचे बारा खर्च द्यायचे, नावे पुसून नुसती वर्णने लिहायची, आणि विचारायचे: यांतले स्थिर कोणते, बदलते कोणते, आणि प्रत्येकाचे कारण काय. गुण उत्तराला थोडे, कारणाला जास्त. पाठ करून आलेल्यांची पंचाईत होई. काही जण फार छान लिहीत. एका वर्षी खानापूरकडच्या एका मुलीने दोन रकान्यांच्या पुढे पट्टीने आणखी एक रकाना आखला. तिची आई घरी पापड-सांडग्यांचा व्यवसाय करत होती, असे नंतर कळले. त्या तिसऱ्या रकान्याला तिने मथळा दिला होता, ‘हे पैसे कोणाचे’. बाराही खर्चांपुढे तिने तो भरला होता.

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, आणि पुढच्या वर्षापासून फळ्यावर तीन रकाने आखू लागलो.